एंगाडीनच्या खडीवाटांवर

स्वित्झर्लंडच्या आग्नेय टोकाला, ग्राउब्युंडेन प्रांतात, इन नदीचे एंगाडीन हे खोरे आहे. आल्प्समधील खोरी सहसा उगमाकडे अरुंद होत जाऊन एखाद्या कड्याशी संपतात आणि खाली उतरावे तशी रुंदावतात; एंगाडीनचे नेमके उलटे आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे १८०० मीटर उंचीवरचा त्याचा वरचा भाग परातीसारखा सपाट आणि सरोवरांनी भरलेला आहे, तर खालचा भाग अरुंद व खोल असून तिथली गावे नदीकाठ सोडून डोंगराच्या पायरीवर जाऊन बसली आहेत. ग्रॅव्हल सायकलसाठी, म्हणजे खडीच्या रस्त्यांवर चालवायच्या सायकलीसाठी, या उलटेपणाचा मोठा फायदा असा की, प्रवासाच्या आरंभी पाय मोकळे होईपर्यंत चढ अंगावर येत नाहीत आणि खरी परीक्षा शेवटी होते.

या भागात फिरताना एक गोष्ट हळूहळू ध्यानात येत गेली. इथल्या खडीच्या रस्त्यांपैकी फारच थोडे सायकलस्वारासाठी बांधलेले आहेत. कुठला घोडागाड्यांसाठी, कुठला लाकूड वाहण्यासाठी, कुठला उन्हाळी कुरणांवरचे दूध खाली आणण्यासाठी, कुठला धरणाच्या देखभालीसाठी, तर कुठला खनिजासाठी झाला आहे. ज्या कामासाठी रस्ता झाला, त्या कामाचा स्वभाव त्याच्या चढात, रुंदीत आणि खडीत उतरलेला असतो. हे एकदा कळले की नकाशावरची बारीक रेघ पाहूनही पुढच्या तासाभरात काय वाढून ठेवले आहे याचा बराचसा अंदाज येतो.

सायकली साध्याच होत्या: खाली वळलेले हँडल, ४५ मिलिमीटर रुंदीचे ट्यूबलेस टायर आणि पुढच्या लहान दातेरी चाकाला मागे बऱ्यापैकी मोठे चाक. सामान चौकटीला आणि आसनाला बांधलेल्या पिशव्यांत मावेल एवढेच घेतले होते. माझ्याबरोबरचा मित्र डांबरी रस्त्यावर वेगाने सायकल चालवणारा, त्यामुळे टायरमध्ये हवा कमी ठेवायची ही कल्पना त्याच्या गळी उतरवायला पहिला अर्धा दिवस लागला.

पहिला दिवस : मालोया ते पोन्त्रेसिना

सेंट मॉरिट्झहून बसने मालोया या खिंडीतल्या गावी जाऊन तिथून परत खाली यावे, असा बेत आम्ही केला, त्याला कारण वारा. मालोया खिंड (१८१५ मीटर) एंगाडीनकडून चढावीच लागत नाही. सपाट रस्त्याने चालता चालता जमीन एकदम संपते आणि समोर ब्रेगाल्या खोरे खोल कोसळलेले दिसते. तिकडच्या माइरा नदीने झीज करत करत इनचे मूळ उगमप्रवाह स्वतःकडे ओढून घेतले, म्हणून एंगाडीनच्या खोऱ्याला डोके उरलेले नाही. सकाळी उन्हाने तापलेली ब्रेगाल्यातील हवा वर चढते आणि अडवायला भिंत नसल्यामुळे खिंडीतून एंगाडीनमध्ये ओतली जाते. इतरत्र दुपारचा वारा खोऱ्यातून वर वाहतो, इथे तो वरून खाली वाहतो. दुपारी सिल्व्हाप्लानाच्या सरोवरावर पतंगाच्या आधाराने पाण्यावर सरकणाऱ्यांची झुंबड उडते ती या वाऱ्यावरच. सायकलस्वाराने तो पाठीवर घ्यावा. त्याच्या विरुद्ध दिशेने जाणाऱ्या मंडळींचे चेहरे पाहिल्यावर यावर अधिक बोलण्याची गरज राहिली नाही.

मालोयाच्या वर लुंघिन खिंड (२६४५ मीटर) आहे. तिथे पडलेल्या पावसाचे तीन वाटे होतात: इनमधून डॅन्यूबला मिळून काळ्या समुद्राकडे, माइरातून पो नदीद्वारे एड्रियाटिककडे आणि युलिया ओढ्यातून ऱ्हाइनद्वारे उत्तर समुद्राकडे. सायकल तिथवर जात नाही, पण पाणी कुठे जाणार हा प्रश्न पुढे वाटेत पुन्हा पुन्हा समोर येत राहिला.

सिल्स सरोवराच्या दक्षिण काठाने इसोला या वस्तीपर्यंत खडीचा चांगला रस्ता आहे. फेदोझ ओढ्याने आणून टाकलेल्या गाळाची जीभ सरोवरात शिरली आहे आणि तिच्यावरच ही वस्ती आहे. तिच्यापुढे वाट अरुंद होते, मुळे आणि दगड वर येतात आणि चालणाऱ्यांची वर्दळ असते. इथे उतरून सायकल ढकलत नेणे हेच शहाणपणाचे. पिवळ्या पाट्या पायी जाणाऱ्यांसाठी असतात व त्यांच्यावर अंतराऐवजी वेळ लिहिलेला असतो. सायकलींच्या पाट्या लाल असून त्यांवर किलोमीटर असतात. जिथे दोन्ही एकाच खांबावर दिसतात तिथे पहिला मान चालणाऱ्याचा, हा इथला शिरस्ता आहे, आणि दुरूनच घंटी वाजवून वेग कमी केला तर लोकही हसून वाट देतात.

सिल्स मारियात जर्मन तत्त्वज्ञ नित्शे १८८१ साली आणि पुढे १८८३ ते १८८८ या काळात उन्हाळ्यात राहत असे. त्याचे बिऱ्हाड होते ते घर आता संग्रहालय आहे. तिथून सुर्लेयपर्यंत सिल्व्हाप्लाना सरोवराच्या दक्षिण तीरावरून जाणारा रस्ता रुंद आणि दाबून बसवलेल्या बारीक खडीचा आहे. सुर्लेयच्या अलीकडे पाण्याच्या कडेला पिरॅमिडच्या आकाराचा एक मोठा खडक लागतो. ऑगस्ट १८८१ मध्ये याच खडकापाशी शाश्वत पुनरावर्तनाचा, म्हणजे सारे काही जसेच्या तसे पुन्हा पुन्हा घडत राहते हा, विचार आपल्याला सुचला, असे नित्शेने नमूद केले आहे. आमच्या वेळी तिथे एक कुटुंब पाव खात बसले होते आणि त्यांचा कुत्रा खडकाला टेकून झोपला होता.

सेंट मॉरिट्झमध्ये आम्ही फारसे रेंगाळलो नाही. १९२८ आणि १९४८ अशी दोन हिवाळी ऑलिंपिक भरवलेल्या या गावात सायकल टेकवायला जागा शोधण्यापेक्षा स्टाझच्या जंगलात शिरणे अधिक सुखाचे. लार्च आणि स्टोन पाइन या झाडांमधून जाणारा तो वनरस्ता छोट्या स्टाझ सरोवराला वळसा घालून पोन्त्रेसिनाला उतरतो.

दुसरा दिवस : रोझेग आणि मोर्तेराच

पोन्त्रेसिना (१८०५ मीटर) येथून रोझेग खोऱ्यात जाणारा रस्ता घोडागाड्यांचा आहे. सुमारे सात किलोमीटरमध्ये तो दोनशे मीटरदेखील चढत नाही, म्हणजे सरासरी चढ शेकडा तीनपेक्षा कमी. माणसांनी भरलेली गाडी ओढणाऱ्या जोडीला श्वास घेता यावा, इतकाच चढ बांधणाऱ्यांनी ठेवला आहे. चालणाऱ्यांची वाट ओढ्याच्या दुसऱ्या काठाने स्वतंत्र जाते, त्यामुळे इथे सायकलीला निवांत जागा मिळते. घोडागाडी समोरून आली मात्र थांबावे. पाठीमागून जायचे असल्यास आधी गाडीवानाला हाक द्यावी, कारण घोडा सायकलीच्या चाकाचा आवाज ऐकून बुजतो. खडीत घोड्यांच्या नालांनी पाडलेले खळगे असतात, ते दिसत नाहीत पण मनगटांना कळतात.

रस्ता जिथे संपतो तिथे, १९९९ मीटरवर, एक हॉटेल आहे, आणि त्याच्यापुढे दरी उघडते. ओढा तिथे एका पात्रात राहत नाही; हिमनदीने आणलेल्या दगडगोट्यांच्या मैदानात त्याच्या अनेक धारा फुटतात, पुन्हा मिळतात. समोर चिएर्व्हा हिमनदी आणि तिच्या माथ्यावर पिझ बेर्निना. ४०४९ मीटर उंचीचे हे शिखर पूर्व आल्प्समधले चार हजार मीटरच्या वरचे एकमेव आहे, आणि १८५० साली योहान कोआझ या भूमापकाने ते प्रथम सर केले.

परत येऊन दुपारी मोर्तेराचकडे वळलो. बेर्निना रेल्वेला लगटून जाणारी वाट मोर्तेराच स्थानकाला (१८९६ मीटर) पोचते आणि तिथून हिमनदीच्या दिशेने रुंद खडीचा रस्ता निघतो. वाटेत ठिकठिकाणी पाट्या रोवल्या आहेत: त्या त्या साली हिमनदीचे टोक इथे होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ही हिमनदी सुमारे तीन किलोमीटर मागे सरली आहे. चालत जाणाऱ्याला दोन पाट्यांमधले अंतर मिनिटांत मोजावे लागते. सायकलवर ते जास्त स्पष्ट जाणवते, कारण सुरुवातीच्या पाट्यांमधून सहज चाललेले पेडल अलीकडच्या वर्षांकडे येताना जड होते. माती अजून तयार झालेली नाही, वाट कच्च्या दगडांची होत जाते, झाडे आधी कमरेएवढी, मग घोट्याएवढी होतात आणि शेवटी नुसता राखी गोटा उरतो. आम्ही सायकली मागे ठेवून पुढचे अंतर पायी गेलो. पूर्वी जे टोक स्थानकातून उतरताच दिसत असे, ते आता कड्याच्या वर चढून बसले आहे.

तिसरा दिवस : बेर्निना खिंड

हा दिवस आम्ही लहान ठेवला. सायकलीचे वेगळे तिकीट काढून रेल्वेने ओस्पित्सियो बेर्निना स्थानकापर्यंत (२२५३ मीटर) गेलो. ही रेल्वे १९१० साली पूर्ण झाली आणि दातेरी पट्टीची मदत न घेता हा डोंगर ओलांडते. २००८ मध्ये तिला व आल्बुला या शेजारच्या रेल्वेमार्गाला युनेस्कोच्या जागतिक वारशात स्थान मिळाले.

स्थानकाला लागूनच लागो बियांको, म्हणजे पांढरे सरोवर आहे. काम्ब्रेना हिमनदीतून येणाऱ्या पाण्यात दगडाचे पीठ मिसळलेले असते, त्यामुळे त्याचा रंग दुधी हिरवा दिसतो. त्याच्या उत्तरेला, हाकेच्या अंतरावर, लेय नायर हे काळे सरोवर आहे. त्याला हिमनदीचे पाणी मिळत नाही. दोहोंच्या मधल्या बांधावर उभे राहिले की उत्तरेकडचे पाणी काळ्या समुद्राला आणि दक्षिणेकडचे एड्रियाटिकला जाणार. वीजनिर्मितीसाठी लागो बियांकोला दोन्ही टोकांना बांध घातले आहेत, आणि पश्चिम काठाची वाट त्याच कामामुळे सायकलीला साजेशी झाली आहे: सपाट, एकसारखी, वळणांवर विनाकारण रुंद. वाऱ्याला मात्र इथे आडोसा नाही आणि जुलैतही कानटोपी लागते.

खाली येताना डोंगरी सायकलींसाठी केलेली वाट टाळून आम्ही बराचसा भाग डांबरी रस्त्याने उतरलो. त्या वाटेवरच्या दगडांच्या पायऱ्या झटके झेलणाऱ्या जाड सायकलीला खेळ वाटतात, ताठ काट्याच्या सायकलीला नाही.

चौथा दिवस : इनच्या काठाने झेर्नेत्सपर्यंत

समेदानपासून पुढे रस्ता नदीच्या बांधाचा. इनला पूर येतो, म्हणून तिला सरळ कालव्यासारखे बांधून घेतले होते. बेव्हरजवळ आता तिला पुन्हा मोकळे पात्र दिले आहे आणि नदी पसरून वाळूची बेटे करू लागली आहे. बांधावरची खडी बारीक, चढ शून्य, वारा पाठीमागून. अशा रस्त्यावर वेगाची चटक लागते आणि आमच्यात न बोलता शर्यत सुरू झाली. हिवाळ्यात या सपाटीवर बर्फ दाबून स्कीची वाट केली जाते. १९६९ पासून मालोया ते स्-चान्फ अशी ४२ किलोमीटरची स्की मॅरेथॉन इथे होते. ज्या अंतराला आम्ही दोन दिवस घेत होतो, ते तिथले अव्वल खेळाडू दीड तासाच्या आसपास कापतात.

त्सुओत्स गावात जेवणासाठी थांबलो. स्-चान्फच्या पुढे खोऱ्याचा नूर पालटतो. नदी घळीत शिरते, सपाटी संपते आणि सायकलचा मार्ग जंगलातून खालीवर होत चिनुओस-केल व ब्राइलकडे जातो. हा लाकूडवाल्यांचा रस्ता. लाकडाचे ओंडके भरलेला ट्रक्टर चढू शकेल इतका चढ, वळणे मोठी, आणि खडी जाड, कारण ती रस्ता गुळगुळीत करण्यासाठी टाकलेली नसून चाक रुतू नये म्हणून टाकलेली आहे. दर शंभर-दीडशे पावलांवर रस्त्याला तिरके छेदणारे एक पन्हळ असते: दोन लाकडी वासे किंवा लोखंडी पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये टायर नेमका अडकेल एवढी फट. पावसाचे पाणी रस्त्यावरून वाहत न जाता बाजूला पडावे यासाठी ती असते. उतारावर तिच्याकडे तिरके गेलो तर चाक फटीत शिरते, म्हणून आधीच ब्रेक लावून, तिला काटकोनात ओलांडून, पुढचे चाक किंचित उचलून जावे लागते. एका सपाट्यात अशी वीस-पंचवीस पन्हळे ओलांडली की हाताची बोटे आखडतात.

झेर्नेत्स (१४७४ मीटर) हे १८७२ च्या आगीत बरेचसे जळालेले आणि नंतर उभारलेले गाव स्विस राष्ट्रीय उद्यानाचे दार समजले जाते. १ ऑगस्ट १९१४ रोजी स्थापन झालेल्या, सुमारे १७० चौरस किलोमीटरच्या या उद्यानात सायकलला मज्जाव आहे. नकाशा पाहिल्यावर मित्र हळहळला, परंतु तिथे तक्रारीला जागा नाही. स्थापनेपासून त्या डोंगरांत झाड तोडले जात नाही, गुरे चरत नाहीत, गवत कापले जात नाही. मग खडीचे रस्ते राखायचे कोणासाठी? उद्यानाच्या हद्दीत फक्त आखून दिलेल्या पाऊलवाटा आहेत आणि चालणाऱ्यालाही त्या सोडून जाता येत नाही.

पाचवा दिवस : गुआर्दा आणि खालचे एंगाडीन

झेर्नेत्सहून सुशमार्गे लाविनपर्यंत नदीची सोबत असते. लाविन १८६९ मध्ये जळाले आणि नव्याने बांधताना इटालियन पद्धतीची सपाटसर छपरे आली, त्यामुळे शेजारच्या गावांत ते वेगळे उठून दिसते. इथून नदी सोडायची. १४१२ मीटरवरून १६५३ मीटरवरच्या गुआर्दाला नेणारा चढ जंगलातून जातो आणि मधल्या काही वळणांवर मागचे चाक खडीत फिरू लागते. अशा ठिकाणी उभे राहून पेडल मारले तर चाकावरचा भार कमी होऊन ते अधिकच घसरते. बसून, छाती हँडलकडे झुकवून, सर्वांत हलक्या गिअरवर चढावे.

गुआर्दाला १९७५ साली वास्तुवारसा जपल्याबद्दल वाकर पारितोषिक मिळाले. इथली घरे पाहायची तर भिंतीला नाक लावूनच. आधी वाळूमिश्रित गडद चुन्याचा गिलावा करतात, त्यावर पांढऱ्या चुन्याचा पातळ थर देतात आणि तो ओला असतानाच टोकदार हत्याराने खरवडून नक्षी काढतात. रंग भरलेला नसतो. खरवडलेल्या जागी खालचा गडद थर उघडा पडतो, एवढेच. कोपऱ्यांवर कमानी, गोल चक्रे, मासे, आणि मधूनच रोमान्श भाषेतले एखादे वचन. या भाषेला १९३८ च्या सार्वमताने देशाची चौथी राष्ट्रीय भाषा म्हणून मान्यता मिळाली. खिडक्या बाहेरून रुंद आणि आत अरुंद, म्हणजे जाड भिंतीतूनही उजेड आत शिरतो व थंडी बाहेर राहते. आणि दाराची कमान गवताची गाडी सरळ घरात जावी एवढी मोठी.

गुआर्दाहून बोस-का वस्तीवरून आर्देत्सला उतरणारा जुना रस्ता या साऱ्या प्रवासातला मला सर्वांत आवडलेला तुकडा. रेल्वे आणि मोठा रस्ता खाली नदीकडे आहेत, म्हणून इथे केवळ गवत नेणारे शेतकरी भेटतात. डाव्या हाताला कापलेली कुरणे, उजव्या हाताला दरीपलीकडे डोलोमाइट या चुनखडीसारख्या दगडाचे फिकट कडे. नदीच्या उत्तरेकडचा डोंगर मऊ पाटीच्या दगडाचा आहे, तो झिजून पायऱ्या तयार झाल्या आणि त्या पायऱ्यांवर गावे व शेते बसली. दक्षिणेकडचा कठीण आणि उभा, तिथे गावाला जागाच नाही. गुरे अडवण्यासाठी रस्त्यावर आडवी तार असते; तिच्या टोकाला प्लॅस्टिकची मूठ आणि आत स्प्रिंग. मूठ धरूनच तार सोडवायची आणि पलीकडे गेल्यावर न विसरता परत अडकवायची. तारेत वीज असते, हे मित्राने माझ्या सांगण्यावर विश्वास न ठेवता स्वतः ताडून पाहिले.

आर्देत्सहून फ्तानला पुन्हा चढ, आणि तिथून स्कुओलपर्यंत उतार. स्कुओलच्या चौकांतील काही कारंज्यांना दोन तोट्या असतात. एकीतून साधे पाणी येते, दुसरीतून जमिनीतूनच वायू मिसळून आलेले, लोहाच्या चवीचे खनिज पाणी. पहिला घोट नकोसा वाटतो. दिवसभराच्या घामानंतर दुसरा वाटत नाही.

सहावा दिवस : स्-चार्ल, कोस्ताइनास आणि म्युस्टायर

शेवटचा दिवस सर्वांत लांब. स्कुओलहून इन ओलांडून क्लेम्जा ओढ्याच्या दरीत शिरलो. स्-चार्ल (१८१० मीटर) येथे शतकानुशतके शिसे आणि चांदी काढली जाई, आणि धातू वितळवण्याच्या भट्ट्यांसाठी आसपासचे जंगल तोडले जाई. रस्ता काही ठिकाणी डांबरी, काही ठिकाणी खडीचा, आणि दोन्ही बाजूंनी डोलोमाइटचे ढिगारे त्याच्यावर उतरत असतात. वरच्या एंगाडीनमधली खडी गोलसर आणि करडी होती. इथली पांढरी, धारदार आणि टायरच्या कडेला चावणारी आहे. मोठा पाऊस झाला की ओढ्यांमधून चिखल आणि दगड येऊन हा रस्ता बंद पडतो, म्हणून आदल्या संध्याकाळी चौकशी करून निघावे.

स्वित्झर्लंडमधले शेवटचे अस्वल १९०४ साली याच दरीत मारले गेले. २००५ पासून इटलीच्या बाजूने एखादे अस्वल अधूनमधून या डोंगरांत येऊन जाते. आम्हाला गावाच्या चौकात फक्त एक मांजर दिसले.

स्-चार्लच्या पुढे कुरणाचा रस्ता. दूधवाल्यांच्या रस्त्याला घाई असते. तो वळणे घेत बसत नाही, सरळ कुरण गाठतो. या रस्त्याने मात्र आमच्यावर दया केली आणि ओढ्याच्या कडेने बेताने चढत नेले. उजव्या उतारावर तामांगुरचे जंगल लागते. सुमारे २३०० मीटरपर्यंत पोचलेले हे स्टोन पाइनचे वन युरोपातील सलग अशा वनांमध्ये सर्वांत उंचावरचे मानले जाते. या झाडाचे बी जड असते, वाऱ्याने उडत नाही. नटक्रॅकर नावाचा ठिपकेदार पक्षी हिवाळ्याची बेगमी म्हणून ते जमिनीत पुरतो आणि जे खायचे राहून जाते त्याला अंकुर फुटतो. हाच पक्षी राष्ट्रीय उद्यानाचे चिन्ह आहे. वाटेत कित्येक झाडे वीज पडून फाटलेली दिसली, एका बाजूला वाळकी आणि दुसऱ्या बाजूला हिरवी.

आस्त्रास कुरणापर्यंत (२१३५ मीटर) खडी टिकते. तिथे सावध करणारी पाटी आहे: वासरे सोबत असलेल्या गायी अंगावर येऊ शकतात, अंतर राखावे. कळप नेमका वाटेवर पसरला होता, म्हणून सायकली गायी आणि आमच्या मध्ये धरून, गवतातून मोठा वळसा घालून गेलो. पुढे कोस्ताइनास खिंडीपर्यंत (२२५१ मीटर) पायवाटच आहे, पण ती गवतातून जाते आणि थोडे खडकाळ तुकडे सोडले तर सायकलवर बसून जाता येते. खिंडीत कसलाही देखावा मांडलेला नाही. नुसता रुंद, गवताळ, बुटका माथा. मागचे पाणी इनकडे, पुढचे रोम नदीतून आडिजे नदीद्वारे एड्रियाटिककडे.

पलीकडे चाम्पाच कुरणापासून पुन्हा खडीचा रस्ता मिळाला आणि ल्यू (१९२० मीटर) गावापर्यंत हात ब्रेकवरून निघालेच नाहीत. ओल्या उतारावर आम्ही थोडी हवा आणखी सोडली होती. टायर खडीला धरून राहिले. ल्यूच्या पुढे खोरे मोकळे होते आणि फुल्देरा, वाल्काव्हा, सांता मारिया ही गावे रोमच्या काठाने एकामागून एक येतात.

म्युस्टायर इटलीच्या सीमेला लागून आहे. आठव्या शतकाच्या अखेरीस स्थापन झालेला तिथला सेंट जॉनचा मठ १९८३ पासून जागतिक वारशात असून बेनेडिक्टाइन जोगिणी आजही तिथे राहतात. चर्चच्या भिंतींवरची इसवी सन ८०० च्या सुमाराची चित्रे नंतरच्या थरांखाली गडप झाली होती आणि १९४७ ते १९५१ या काळात ती उघडी करण्यात आली. चिखलाने माखलेले बूट बाहेर काढून आत जावे, म्हणून आम्ही दाराशी घुटमळलो, तर आतल्या बाईंनी बूट पुसायला पायपुसणे दाखवले आणि सायकली भिंतीला न टेकवता कुंपणाला टेकवायला सांगितल्या.

परतीसाठी म्युस्टायरहून ओफेन खिंडीतून (२१४९ मीटर) झेर्नेत्सला जाणारी पिवळी पोस्टबस आहे. तिच्यावर सायकलींच्या जागा मोजक्या असतात आणि शनिवार-रविवारी त्या लवकर भरतात, म्हणून जागा आधीच राखून ठेवावी. खिंडीवर जून उजाडला तरी सावलीत बर्फ राहते आणि कोस्ताइनासच्या दोन्ही बाजूंची कुरणे सप्टेंबरात रिकामी होतात. गर्दी, ऊन आणि गुरे या तिन्हींचा विचार केल्यास सप्टेंबरचा पहिला पंधरवडा या मार्गासाठी सर्वांत सोयीचा पडेल.